आधी ‘तूं कोणालो?’ विचारू नका : गोव्यातल्या मराठीच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

मराठीसाठी झटणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातला, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातला. छत्तीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. राजभाषेसाठी निघालेल्या मोर्चांत चाललो, सह्या गोळा करत दारोदार फिरलो, उत्सवी नाटकांना मुलांकडून पाठांतर करून घेतले. हे सांगतो आहे ते एवढ्यासाठीच की हे पत्र वाचताना ‘हा कोणाचा माणूस?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मी तुमचाच आहे. आणि लिहायचे आहे तेही आपल्याच वागण्याबद्दल. कोकणीवाल्यांच्या चुका मोजायला आपल्याकडे पुष्कळ जण आहेत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका गावात देवळाच्या सभागृहात बैठक झाली. गावची मराठी शाळा वाचवायची, असा विषय. साठ-सत्तर माणसे जमली होती आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर मी होतो. चर्चा सुरू झाल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठला. त्याच गावचा मुलगा, आता एका हायस्कुलात कोकणी शिकवतो. त्याच्या हातात वहीचा एक कागद होता. गावात पहिलीच्या वयाची मुले किती, त्यांतली आपल्या शाळेत किती येतात, बसने शहरातल्या इंग्रजी शाळेत किती जातात, आणि आईबाप त्याचे काय कारण सांगतात, हे सगळे त्याने घरोघरी जाऊन लिहून आणले होते. दुसरे वाक्य संपायच्या आत कोणीतरी ओरडले, “आदीं सांग, तूं कोणालो?” म्हणजे, आधी सांग, तू कोणाचा?

हशा झाला, टाळ्या पडल्या. तो म्हणाला, “हांव ह्याच गांवचो.” त्यावर दुसरा म्हणाला, “गांवचें नाका, पंगडाचें सांग,” म्हणजे तू कोणत्या गटाचा ते सांग. मग त्याचे आडनाव निघाले, त्याच्या चुलत्याने १९८६ साली कोणत्या मोर्चात घोषणा दिल्या ते निघाले, तो ज्या मासिकात लिहितो त्याचे नाव निघाले. कागदावर काय आहे ते मात्र कोणी विचारले नाही.

अध्यक्ष म्हणून एक वाक्य बोलणे माझ्या हातात होते. मी बोललोही. त्या मुलाकडे बघून म्हणालो, “विषयाला धरून बोला.” अख्ख्या सभेत विषयाला धरून बोलणारा तो एकटाच होता, आणि मी त्यालाच ते सुनावले. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसला. नंतरचा दीड तास आपण कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यावर बोललो. ठराव झाला, चहा झाला. जूनमध्ये त्या शाळेच्या पहिलीत दोन मुले आली.

त्या दिवसापासून मला स्वस्थ झोप नाही. कारण तो प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि अनेकदा स्वतःही विचारला आहे.

पंगडाला धरून राहण्याचे मोल मी जाणतो. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होते; बाप मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत आश्रयाने राहणारा. आमच्या घराण्यात पुस्तक हातात धरणारा पहिला मी. १९६१ साली पोर्तुगीजांपासून मुक्ती मिळाल्यावर गावात मराठी शाळा निघाली म्हणून ते झाले. माझ्या बापाने भाटकाराच्या अंगणात उभे राहून नमस्कार करण्यात जन्म काढला आणि मी मात्र त्याच भाटकाराच्या नातवाला बाराखडी शिकवली. मराठी माझ्यासाठी नुसती भाषा नव्हती, ती ताठ उभे राहण्याची जागा होती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात माझ्यासारख्या हजारो घरांत हेच घडले. म्हणून कोणी ‘गोव्यात मराठी परकी’ असे म्हटले की आपल्या आतले काहीतरी पेटून उठते. ते पेटणे खोटे नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण तसलेच काहीतरी समोरच्याच्याही आत असते, हे आपण कधी धरून चाललो का? आपण कित्येक वर्षे सभांतून म्हणत आलो की कोकणी ही भाषा नाही, मराठीची बोली आहे. बोली म्हणण्यात वास्तविक कमीपणा काही नाही. पण आपण तो शब्द कसा उच्चारतो ते आठवा. मासळीबाजारातली भाषा, गड्याशी बोलायची भाषा, ग्रंथ नसलेली भाषा. हे बोलून घरी गेल्यावर आपण आईशी कोणत्या भाषेत बोलायचो? माझी आई मला ‘जेवपाक यो’ म्हणायची. पहाटे जात्यावर बसली की मराठी अभंग म्हणायची आणि मधेच वासरू सुटले तर त्याला कोकणीत हाक मारायची. शाळेच्या पुस्तकांतून जी कोकणी प्रमाण म्हणून शिकवतात, ती बरीचशी आमच्या अंत्रुजचीच. म्हणजे व्यासपीठावरून मी ज्या भाषेला हिणवत होतो ती माझ्या आईच्या तोंडची होती. माझ्या जिभेला ते कळत होते. पंगडात बसलो की कळेनासे व्हायचे.

भाषा की बोली, हा प्रश्न अभ्यासकांनी खुशाल लढवावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालक राहिलेले डॉ. सु. मं. कत्रे कोकणीला स्वतंत्र भाषा मानत, तिच्या घडणीवर त्यांनी १९४२ साली ग्रंथ लिहिला. मराठीच्या काही मोठ्या अभ्यासकांनी उलट मत मांडले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. यात शास्त्राचा भाग आहे, राजकारणाचाही आहे. पण आपल्या सभेत कोणी कत्र्यांचे नाव घेतले की त्यांचा मुद्दा बाजूला राहतो आणि त्यांचे कूळ काढले जाते. हे मी दहा वेळा तरी पाहिले आहे. कोकणी चळवळ म्हणजे एका जातीचा डाव, हे एकच उत्तर आपण सगळ्या प्रश्नांना देत आलो. त्या चळवळीच्या पुढारपणात काही घराण्यांचा वरचष्मा होता, हे खरे असेल. तरी कोकणी लेखक शेणै गोंयबाबांनी मुंबईत बसून जन्मभर जे लिहिले त्याला त्यांचे आडनाव हे उत्तर होत नाही.

तिकडून काय येते तेही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतो असे म्हणाल. मराठी मागणारा म्हणजे महाराष्ट्राचा हस्तक, विलीनीकरणवादी, भायलो, घाटी. १९६७ नंतर जन्मलेल्या पोरालाही विलीनीकरणाचा जाब द्यावा लागतो. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत कोकणी ‘आवश्यक’ आणि मराठी ‘इष्ट’ असे छापून येते. त्यावर मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने तक्रार केली की तिच्यातला न्याय-अन्याय कोणी तपासत नाही, त्याच्या गोंयकारपणाचीच उलटतपासणी सुरू होते. आणि खुद्द त्यांच्या पंगडात काय चालते? रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे, तियात्र म्हणजे कोकणी नाटक करणारे लोक म्हणतात की कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असे ठरवून आम्हाला दाराबाहेर उभे केले. त्यांनाही घरभेदी म्हटले गेले. साष्टी आणि बार्देश तालुक्यांतल्या माणसाची कोकणी अंत्रुजच्या मापाने मोजली गेली. आपल्याला याचा आनंद होतो, हेही मी पाहिले आहे. तो आनंद मला बरा वाटत नाही.

आता जनमत कौलाबद्दल, कारण आपले सगळे रुसवे तिथेच जाऊन पोचतात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा, यावर तो कौल होता. १६ जानेवारी १९६७. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. आम्ही पोरे फुलाच्या घोषणा देत वाड्यावाड्यांतून पळायचो. शेजारच्या घरावर दोन पाने रंगवलेली होती. त्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांच्याकडून आमच्याकडे नेवऱ्यांचे ताट आले नाही आणि आमचे तिकडे गेले नाही. दोन्ही घरांच्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, एकमेकींची कळशी उचलून द्यायच्या आणि बोलायच्या नाहीत. तीन चवथी अशा गेल्या. चौथ्या वर्षी आई कोणाला न विचारता ताट घेऊन कुंपण ओलांडून गेली. बाप काही बोलला नाही.

तो निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडले. हे आकडे दोन्ही बाजूंना पाठ आहेत. त्यांच्याकडे तो दिवस अस्मिताय दीस म्हणून साजरा होतो, आपल्याकडे अजून उसासे निघतात. पण त्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंच्या दोन गोष्टी आपण विसरतो. कौल निर्विवाद व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. ज्याला जिंकायचे आहे त्याने स्वतःच्या हातातली सत्ता खाली ठेवली आणि मग सामना खेळला. आणि विलीनीकरण हरल्यावर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, निवडणूक झाली तेव्हा त्याच गोमंतकीयांनी विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिले. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

याचा अर्थ काय लावायचा? हजारो माणसांनी जानेवारीत दोन पानांवर खूण केली आणि मार्चमध्ये भाऊसाहेबांना मत दिले. त्यांना गोवा वेगळा हवा होता आणि भाऊसाहेबही हवे होते. त्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या. अशा माणसाला आपण आपल्या सभेत उभे केले आणि ‘तूं कोणालो?’ विचारले, तर तो काय उत्तर देईल? त्याला उत्तर देता येणार नाही, म्हणून आपण त्याला गद्दार म्हणू. दुसऱ्या सभेत तेही म्हणतील. आणि खरा गोवा तोच होता.

माझी आई त्यांतलीच असावी असा मला संशय आहे. तिने शेवटपर्यंत सांगितले नाही.

आणखी एक आठवण करून देतो. विलीनीकरणाच्या विरोधातला सर्वांत धारदार प्रचार झाला तो मराठीतून. मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते, आणि त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतच लिहीत. त्यांना मराठी वाचकाला पटवायचे होते, म्हणून ते त्याच्या भाषेत त्याच्या दारात गेले. आपल्यातल्या किती जणांनी कोकणी वाचकाला काही पटवण्यासाठी कोकणीत एक पान तरी लिहिले? आपण आपल्याच लोकांना आपल्याच सभागृहात पुन्हा पुन्हा पटवत राहिलो आणि टाळ्या मोजत राहिलो. पटलेल्याला पटवणे फार सोपे असते.

आपल्या प्रत्येक संमेलनात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठीस्तुतीच्या ओव्या म्हटल्या जातात. मीही मुलांकडून पाठ करून घेतल्या. इंग्लंडात जन्मलेला हा पाद्री १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि १६१६ मध्ये त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. पण याच माणसाने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. पुराण सांगायला त्याने मराठी घेतली, कारण इथल्या लोकांना ईश्वराची गोष्ट त्या भाषेत ऐकायची सवय होती. आणि लोकांशी बोलता यावे म्हणून त्यांची बोलती भाषा शिकायची वाट आखून दिली. आपण ओव्या उचलल्या, त्यांनी व्याकरण उचलले, आणि अर्धा-अर्धा स्टीफन्स एकमेकांच्या अंगावर फेकत राहिलो. बोरीच्या बाकीबाब बोरकरांचेही तसेच. त्यांची मराठी कविता आपल्या ओठांवर असते, पण त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कोकणी कवितासंग्रहासाठी, हे आपल्या भाषणांत येत नाही. मी शाळेत त्यांची जयंती साजरी करायचो तेव्हा मुलांना हे सांगितले नाही. ठरवून लपवले असे नाही. सांगावेसे वाटलेच नाही. पंगडाची सवय अशीच काम करते.

याच पोर्तुगीज राजवटीत १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून इथल्या लोकभाषेचा वापर बंद करायला सांगितले होते. त्या फर्मानाचे दुःख आपल्याला आणि त्यांना सारखेच असायला हवे होते.

आपण एकत्र येऊ शकत नाही असेही नाही. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर आणि उदय भेंब्रे एका बाजूला उभे राहिले. ज्यांच्या नावांवरून आपली घरे फुटली ती माणसे एकत्र आली होती. मी त्या गर्दीत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. मात्र तिथेही एक चूक आपल्याकडून झाली, असे आज मला वाटते. इंग्रजी मागणाऱ्या आईबापांना आपण संस्कृतीचे वैरी ठरवून मोकळे झालो. ते का मागतात, हे त्यांच्या तोंडून ऐकले नाही. खाणीवर ट्रक चालवणारा बाप, हॉटेलात काम करणारी आई, त्यांना आपल्या पोरासाठी काय दिसत होते? त्या तरुणाच्या कागदावर नेमके तेच लिहिलेले होते. बैठकीनंतर महिन्याभराने मी त्याच्या घरी जाऊन तो कागद मागून घेतला आणि वाचला. ‘शाळेत एकच शिक्षक, चार वर्ग.’ ‘पावसात छप्पर गळते.’ ‘बस दारात येते.’ ‘मोठ्याला पाचवीत एकदम इंग्रजी आले, तो रडायचा.’ एकाही आईबापाने मराठी नको असे म्हटलेले नव्हते. एकाने तर ‘घरी हरिपाठ मराठीच’ असे सांगितले होते.

छप्पर दुरुस्त होऊ शकते. दुसरा शिक्षक मागता येतो. पहिलीपासून इंग्रजी नीट शिकवण्याची मागणी करता येते. दीड तासात यातल्या एका गोष्टीवर तरी काही ठरले असते. त्याऐवजी आपण एका मुलाचा पंगड शोधला.

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते मी हात जोडून करतो. सभेत कोणी उठले तर त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याचे नाव-गाव-आडनाव काढू नका. विरोधात बोलायचे असेल तर आधी तो काय म्हणाला ते आपल्या तोंडाने सांगा, आणि ‘बरोबर सांगितले ना?’ असे त्यालाच विचारा. तो ‘हो’ म्हणाला की मग हवे तेवढे कडाडून बोला. आपल्यातला कोणी ‘बोली’ हा शब्द शिवीसारखा वापरेल तेव्हा शेजारी बसलेल्याने त्याला थांबवावे. समोरच्या पंगडातल्याने थांबवण्याची वाट पाहू नये. आपल्या माणसाने चुकीचा आकडा सांगितला तर तो आपणच दुरुस्त करावा, मग त्याने कितीही मोठे पद भूषवलेले असो. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर जो बसेल त्याने माझ्यासारखे वागू नये.

तुमच्यातले काही म्हणतील, मास्तर म्हातारे झाले, मऊ पडले. तसे नाही. राजभाषेची मागणी माझी आजही आहे. मराठीला या राज्यात बरोबरीचा मान मिळाला पाहिजे, नोकरीच्या जाहिरातीतला तो ‘इष्ट’ शब्द बदलला पाहिजे, यासाठी मी काठी टेकत का होईना पुढच्या मोर्चात येईन. फक्त त्या मोर्चात कोणी कोकणीला शिवी देणारी घोषणा दिली तर मी तिथेच रस्त्याच्या कडेला थांबेन. माझ्या आईला शिवी देऊन मला मराठीचा मान नको.

काही म्हणतील, आधी त्यांनी थांबवावे, मग आपण थांबवू. चवथीच्या ताटाचे असेच झाले होते. तीन वर्षे दोन्ही घरे वाट पाहत होती.

येत्या महिन्यात त्याच गावात, त्याच देवळाच्या सभागृहात पुन्हा बैठक आहे. विषय तोच, शाळेचा. देवस्थान समितीला मी कळवले आहे आणि त्या तरुणाला घरी जाऊन बोलावणे दिले आहे. आधी तो येतो म्हणेना. ‘मास्तर, परत तेंच जातलें,’ म्हणाला. मी त्याची क्षमा मागितली. सर्वांसमोर झाले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागेन, असे त्याला सांगितले आहे. तो यायला तयार झाला आहे, एका अटीवर: कागद शेवटपर्यंत वाचू द्यायचा. फार तर वीस मिनिटे लागतील. तुम्ही सगळ्यांनी यावे, पुढच्या रांगेत बसावे आणि ती वीस मिनिटे त्याला द्यावीत.

आपला,
अंत्रुज महालातला एक निवृत्त मराठी शिक्षक